मालूच्या भिंतीवरची काच

वडगाव, बेळगाव
बुधवार, ता. १२ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव स्वरूप यास आप्पाचा आशीर्वाद.

तुझ्या आईच्या, जयावहिनींच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. आता पेपर वाचता येतो का? सूनबाई सुवर्णाची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, भरलेली बादली उचलू नको. छोटीचा खोकला गेला का? आणि तू? पुण्याला गेल्यापासून तुझं कुणी काही सांगत नाही. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिडी अजून चढतो.

आनंदाची बातमी आधी. आदर्शच्या नीलमला सातवा लागला. तेवीस तारखेला, रविवारी, मालूनं सुनेचं डोहाळजेवण धरलंय, वरच्या नव्या मजल्यावर. शंभर पानं उठतील. तुझी आत्या लई खुशीत आहे. "माझ्या भाच्याच्या नकाशाचं घर, त्याला बोलवा," म्हणते.

तुला फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा "बरं हाय न्हवं?" एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून आता कागद घेतला. शाळा माझी चौथीपर्यंत, चुका पदरात घे.

लहानपणी तू माझा ओळंबा गळ्यात घालून फिरायचास. पुढं आर्किटेक्ट झालास आणि नकाशा कसा वाचायचा ते तूच मला शिकवलंस. खानापूरची शाळा, हिंडलग्याचा दवाखाना, तुझी कामं मी लोकांना बोट करून दाखवतो. पण तुझं पहिलं काम मालूचं घर, आणि त्याचा गवंडी मी. मग तू निवडून आलास, पालिकेत नगररचनेच्या कमिटीवर बसलास आणि नियम काढलास, वर मजला चढवायचा तर आधी पाया उघडून दाखवायचा. लोक शिव्या घालायचे. माझी मात्र छाती फुगायची.

मालूनं वरच्या मजल्याचा अर्ज केला तेव्हा तू मला विचारलंस, "आप्पा, पाया उघडूया?" मी म्हटलं, "मी घातलेला पाया, मी अजून जिता हाय. उकरायचा कशाला रं?" तू सही केलीस. मग सभेत तुला टोचलं, "नियम गावाला, आत्याला न्हाय व्हय?" अकरा महिन्यांत राजीनामा देऊन तू पुणं गाठलंस. स्टेशनवर मी तुझ्या नजरेला नजर न देता बॅग चढवली. तुला वाटलं असेल, आप्पाला तू निघाल्याचं वाईट वाटतंय. तेही होतंच.

आता काचेचं सांगतो. भिंतीला चीर गेली की आम्ही तिच्यावर काचेची पट्टी गिलाव्यानं आडवी चिकटवतो आणि बाजूला तारीख घालतो. काच शाबूत राहिली तर चीर जुनी. फुटली तर घर हलतंय. दिवाळीत मालूच्या खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खांबाला लागून केसाएवढी चीर दिसली. मीच म्हटलं, "गिलाव्याची हाय, भिऊ नका." आणि काच लावली. ती बारा दिवसांनी फुटली. दुसरी सहा दिवसांनी. तिसरी काल, तीनच दिवसांत.

आदर्श हसतो. "मामा, गिलाव्याची हाय म्हणून तुम्हीच म्हणालता न्हवं? दिवसभर खाली विजेचे माग धडधडत्यात, काच फुटणारच की." पण त्याच मागांच्या समोरच्या भिंतीवर मी एक काच लावून बघितली. ती जशीच्या तशी आहे.

त्या कोपऱ्यातच का, ते मला ठाऊक आहे. तिथं मालूच्या सासऱ्याचा हातमागाचा खड्डा होता, पाय सोडून बसायचा. खंडेनवमीला मालू अजून तिथं हळदकुंकू वाहते. पाया खणायला गेलो तर ती खड्ड्यात उतरून बसली. "अण्णा, मामंजींचा खड्डा मोडू नको. जल्म गेला त्यांचा ह्यात." तुझ्या नकाशात त्या खांबाचा पाया पाच फूट, थेट मुरुमापर्यंत. खड्ड्याची कड ढासळेल म्हणून मी अडीच फुटांवर थांबलो, काळ्या मातीतच. खड्डाही भरला नाही, वर फरशी टाकली. बहिणीचं मन राखलं. तेवढ्या भाराला निभावलं. वर आणखी मजला चढायची वेळ आली तेव्हा तोंड उघडायची लाज वाटली.

तू माझ्या शब्दावर सही केलीस, बाळा, आणि शब्द खोटा होता.

काल मालूला खरं सांगायला गेलतो. तिनं हाताला धरून वर नेलं, झोपाळ्याची कडी दाखवली. म्हणाली, "अण्णा, पयला झोका तूच द्यायचास." चहा पिऊन परत आलो.

हे पत्र माझ्या अक्षरात आहे. पालिकेत दाखव. भावकू गवंड्यानं पाया अर्धाच घातला, असं स्वच्छ लिहून दे. माझं नाव झाकायला जाऊ नको. तुझ्या लेखी कागदाशिवाय आदर्श माग बंद करणार नाही आणि मालू घर सोडणार नाही. तेवीसच्या आत हे झालं पाहिजे. तू स्वतः आलास तर फारच बरं.

आज सकाळी चौथी काच लावली आहे.

उत्तर ताबडतोब लिही, पण माझ्या पत्त्यावर नको, मालूच्या घरी पाठव. मी आजपासून तिथंच राहायला जातोय. गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही असं सांगितलंय, म्हणून तिनं अंथरूण खालीच घातलंय, त्या खांबाजवळ.

तुझी वाट बघणारा,
आप्पा