ठिणगी पडेना

९ सप्टेंबर २०२२, शुक्रवार

घेतली! चकमकीची बंदूक. जुन्यासारखी घडवलेली, पण कोरी. सूक वाकिफच्या जुन्या बाजारातला दुकानदार खलील तिला अँटिक म्हणून खपवत होता. दस्त्याखाली ‘मेड इन इंडिया’ दाखवलं, तेव्हा हसत हसत निम्म्यावर आला. ‘‘शोपीस है भाई, पुलिस का टेन्शन नहीं.’’ खरंय. नळीला दारू पेटवायचं भोकच पाडलेलं नाही, बार उडणार कुठून! पण घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासून ठिणगी उडायला हवी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला आमच्यातला देवव्रत नाटुकलं बसवतोय, त्यात तेवढंच पाहिजे.

टॅक्सीत चादरीत गुंडाळून आणली. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्याला, वर्ल्ड कपचे उरलेले दिवस मोजणारं घड्याळ आणि जिकडेतिकडे पोलीस — घाम फुटला! भैरवी दारातच म्हणाली, ‘‘अहो, लोक मॅचची तिकिटं आणतात!’’

१२ सप्टेंबर

ठिणगी नाही. एकसुद्धा नाही.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

चापाची यंत्रणा खोलली. स्प्रिंग आत घासतेय. खरखरीत कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करत बसलो. भैरवी शेजारी टॉर्च धरून उभी. शिव्या घालत, पण उभी.

आज एक दिसलं. लिहावं की नको? स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर त्याची सावली थरथरत होती. मनगट घट्ट दाबून धरलं. तरी थरथर.

अण्णांचं असंच सुरू झालं होतं, दाढी करताना. कंपवात. शेवटी आई घास भरवायची.

२१ सप्टेंबर

ऑफिसात हात ठीक. सही ठीक. घरी बंदूक घेऊन बसलो, टॉर्च लागला, की पुन्हा तेच. भैरवीच्या लक्षात आलंय बहुतेक. हल्ली चहा अर्धाच कप ओतते, आणि हातात न देता ओट्यावर ठेवते. मी सांडेन म्हणून. बोलत मात्र नाही. किती जपते!

२९ सप्टेंबर

पोलादी पट्टीच मऊ निघाली. वर्कशॉपमधल्या रहमाननं तापवून कडक करून दिली. गारगोटी नीट बसावी म्हणून घोड्याच्या जबड्यात चामड्याचा तुकडा घातला. भैरवीच्या जुन्या पर्सचा. विचारून!

डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तिला सांगितलं, सेफ्टी मीटिंग आहे.

६ ऑक्टोबर

काही नाही! काही म्हणजे काहीच नाही!

हात पुढे धरायला लावले, त्यावर कागद ठेवला, भरला ग्लास ओतायला लावला. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचेच हात स्थिर आहेत. घरी दमून बसत असाल. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. मग शावर्मा खाल्ला. मग आणखी एक. स्टेडियमच्या रस्त्याला मरणाचं ट्रॅफिक, पण कुणालाही शिवी दिली नाही!

भैरवीला सगळं सांगून टाकलं. ‘‘सुटलात हो,’’ म्हणाली आणि ओढणी डोळ्यांना लावली. मीटिंगच्या थापेबद्दल एक शब्द नाही!

आणि संध्याकाळी दिवे मालवून चाप ओढला — ठिणगी! पुन्हा ओढला — पुन्हा! दोघं लहान मुलांसारखी ओरडलो. आज सगळंच सुटलं, खलास.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचे स्क्रू आवळायचे होते. भैरवी फोनवर, म्हणून टॉर्च डब्याला टेकवून ठेवला. सावली ढिम्म हलत नव्हती. मजेत शीळ घालत होतो. फोन संपवून ती आली, सवयीनं टॉर्च उचलला.

सावली थरथरायला लागली.

मी वर पाहिलं. तिनं टॉर्च विझवला.

‘‘दिवाळी होऊ द्या हो आधी,’’ म्हणाली.