मामाजींनी बाजारात हाक दिली

प्रिय आत्याबाई,

बाजारातून आत्ताच घरी आले आणि पायसुद्धा न धुता लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण देऊळघाटातली कुठलीही बातमी मी आधी सासूच्याच कानावर घालायचे ना? मग एवढी मोठी कुणाला सांगू? ऐका तर! आज मामाजी भर बाजारात ओरडले! हो, तुमचेच मालक! भाजीवाल्यांची सगळी ओळ वळून बघायला लागली!

खोटं वाटतं ना? मलाही वाटलं असतं. बुलढाण्याच्या बाजारात तुम्ही वांगी विकायच्या, तुमची हाक पार रस्त्यापर्यंत जायची आणि मामाजी तुमच्या मागे बसून मुकाट्याने वजन करायचे. तुम्हीच म्हणायच्या, "या माणसाच्या वाट्याचं बी मलेच बोला लागते, म्हणून माहा घसा असा!"

पण इतकी घाई काऊन केली हो? साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलात. "सांजच्याले येतो, भाजी टाकून ठेव," म्हणालात. मी टाकूनही ठेवली होती.

त्यानंतर मामाजींनी वावरात जाणं सोडलं. जेवायला बोलवलं की "मंग" म्हणायचे, बस. ताईंनी त्यांना आपल्या सासरी, पिंपळगाव राजाला नेलं, तर दुसऱ्याच दिवशी परत आले. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही नाही. नाही कसं? डोळ्यांदेखत माणूस वाळत चाललं होतं! त्यांना त्रास नको म्हणून आम्ही घरात तुमचं नावही काढेनासे झालो. आणि मी? तुमच्यासाठी रडायचं मलाही राहूनच गेलं.

तुमच्यानंतर वांगी आमचे हे व्यापाऱ्याला देऊन टाकायचे. आज यांना पाहुण्यांकडे जावं लागलं, आणि माल तर तोडलेला. म्हटलं, मीच नेते. पोती ऑटोत ठेवली, तर शेजारी मामाजी येऊन बसले!

"मामाजी, तुम्ही?"

"पोते कोन उतरवीन?"

आत्याबाई, किती दिवसांनी इतकं बोलले ते!

तुमच्या जागेवर ताडपत्री अंथरली. शेजारच्या मेथीवाल्या कांताबाईंनी आपली टोपली सरकवून दिली. पण माझ्या तोंडून आवाजच फुटेना! देठ राखून वांगं कसं तोडावं, ते तुम्ही मला शिकवलं. हाक कशी द्यावी, ते का नाही शिकवलं?

तेवढ्यात तुमच्या नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई आल्या. "मावशी नाही आल्या?"

मागून मामाजी म्हणाले, "वारली."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. त्या बाई हळूच म्हणाल्या, "मावशी वरून एक जास्तीचं टाकायच्या." मामाजींनी चांगली दोन मोठी वांगी निवडून त्यांच्या पिशवीत टाकली.

मग कुणी येईना. पलीकडचा टमाटेवाला कान फोडत होता. मी आपली पुटपुटत होते, "वांगे घ्या, वांगे..." आणि मामाजी ताडकन उठले!

"देऊळघाटचे वांगे! आजचे तोडेल वांगे! या बाई, या!"

आवाज मध्येच फाटला, तरी थांबले नाहीत! कांताबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. "अवं माय! बुढा बोलते!"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता असं रडू फुटलं की आवरेना. पदर तोंडाला लावला, तर मामाजी म्हणाले, "रड. लाजू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "तिचा आवाज लय मोठा होता, नाही?"

"हाव, मामाजी."

"माहा नाही पोचत तेथवर."

"पोचते, मामाजी."

माल दुपारीच संपला! परतताना स्टँडवर ते स्वतःहून म्हणाले, "कचोरी खाऊ काय?" एक खाल्ली आणि म्हणाले, "आनखी एक सांग." मला तर तिथेच नाचावंसं वाटलं! ऑटोत यांचा फोन आला, मामाजींशी बोलून झाल्यावर मला म्हणतात, "बाबाचा आवाज काऊन बसला?" काय सांगू त्यांना!

आता मामाजी ओट्यावर शेजाऱ्याला सगळं रंगवून सांगतायत. मधूनमधून तुमचं नाव ऐकू येतंय. म्हातारा रडतोयही, पण सांगणं काही थांबवत नाही.

आत्याबाई, शब्द देते. या घरात तुमचं नाव आता कुणी दाबून ठेवणार नाही. तुमच्या आठवणीने रडू आलं तर आम्ही एकमेकांसमोर रडू. आणि पुढच्या बाजारी मामाजींचा घसा बसलेलाच असला, तर तुमच्या जागेवरून मी हाक देईन. पहिली जरा बारीक निघेल, सांभाळून घ्या. दुसरी मात्र रस्त्यापर्यंत जाईल!

तुमचीच सून,
ज्योती