पाणाड्या समुद्रावर

ती. वैजनाथदादांस, धाकट्या बलभीमाचा समुद्राकाठून, ओल्या पँटीसह, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कमलवहिनी गोळ्या वेळेवर घेतात का? ही चौकशी आधीच उरकून घेतो, कारण पुढं मी इतका रंगात येणार आहे की ती राहूनच जाईल. मी खुशाल आहे. मोटारसायकल तितकीशी खुशाल नाही, पण काल संध्याकाळपासून बोलायला लागली आहे (आवाज पूर्वीचा नाही, एवढंच).

तुम्ही ज्या कामाला मला पाठवलंत ते पुरतं ध्यानात आहे. तुमची लेक सृष्टी भूजल खात्यात नोकरीला लागून इकडं किनाऱ्यावर आली त्याला आठ महिने झाले, आणि आठ महिने तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. फोन आला की वहिनींकडं देता आणि कान मात्र तिकडंच ठेवता, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "त्र्याण्णव साली पायाखालची जमीन दगा देऊन गेली, आता पाण्यावर इस्वास ठिऊ व्हय? जा, पोरीला घिऊन ये," असं तुम्ही म्हणालात, आणि मी "व्हय" म्हणून किक मारली. भूकंपाच्या त्या पहाटे तुम्ही काय काय उपसलंत ते मी लहान असलो तरी पाहिलं आहे, म्हणून वाद घातला नाही. शिवाय मलाही यायचं होतंच. लोहारा तालुक्यातला नामांकित पाणाड्या मी (तीनशेच्या वर बोअर दाखवले, ज्यांना पाणी लागलं ते अजून रामराम करतात, बाकीचे मला बघून रस्ता बदलतात). जिथं पाणीच पाणी आहे तो मुलूख एकदा नजरेखालून घालावा, ही जुनी इच्छा.

घाट उतरून विजयदुर्गाच्या बाजूला समुद्र गाठला आणि तिथून किनाऱ्यानं रत्नागिरीकडं निघालो. दादा, आपल्याकडं सास्तूरहून लोहाऱ्याला बैल झोपेतसुद्धा पोचतो. इथला रस्ता आधी काळ्या कातळाच्या माळावर चढतो, ज्याला हे लोक सडा म्हणतात. तिथं झाड नाही, माणूस नाही, नुसता भणभण वारा. मग रस्त्याला काय आठवतं कोण जाणे, एकदम वळणं घेत नारळी-पोफळीतल्या गावात उतरतो. गाव संपलं की खाडी. पलीकडचं गाव इतकं जवळ की तिथल्या बाईनं वाळत घातलेलं लुगडं ओळखू यावं, आणि जायला मात्र दीड तास. अशी अकरा गावं मी तीन दिवसांत केली. एका ठिकाणी तर मोटारसायकल होडीत घालून नेली, आणि सबंध खाडीभर मी तिच्यावर बसून होतो (उतरायचं सुचलं नाही). वहिनींनी दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशीच संपली, कारण निम्मी मी वाटत आलो. लोक चांगले आहेत. मासा खात नाही म्हटल्यावर माझ्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघतात, पण चांगले आहेत.

आता नारळाचं सांगतो. मी तो बरोबर घेतला होता, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आपल्या रानात तळहातावर आडवा धरून सकाळभर हिंडलं तर कुठंतरी एकदा पाण्याच्या जागी शेंडी वर करतो. इथं तो पहिल्या गावातच उभा राहिला आणि आडवा व्हायचं नावच घेईना. देवळासमोर उभा, चहाच्या टपरीत उभा, पोलीस चौकीच्या दारात उभा. पंचवीस वर्षांची माझी विद्या, आणि तिला इथं कुणी विचारीना. शेवटच्या गावात खानावळ चालवणाऱ्या प्रेमाबाईंनी मला नारळ घेऊन ध्यान लावलेलं पाहिलं. त्यांना वाटलं विकायला आलोय. त्यांनी तो हातातून घेतला, कानाशी हलवला आणि म्हणाल्या, "ह्यो नारळ सुको आसा." आणि दया येऊन मला शहाळं दिलं.

याच गावात सृष्टीचं काम चालू होतं. ती वर सड्यावर गेलेली, म्हणून मी किनाऱ्यावर उतरलो. बघतो तर पाणी पार लांब गेलेलं आणि खाडीचा तळ उघडा, सपाट, ओलसर. आपण तळ्याकाठची माणसं. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळात काकड्या-टरबुजं लावतो, बैलगाडी सोडतो, खाट टाकतो. गेलेलं पाणी मृग निघाल्याशिवाय परतत नाही, हे तान्ह्या पोराला ठाऊक. मी मोटारसायकल मध्यभागी नेली, स्टँडवर लावली, चप्पल उशाला घेतली आणि खडकाच्या सावलीत आडवा झालो. जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. माझ्या आणि मोटारसायकलीच्या मध्ये समुद्र होता, आणि तिचे फक्त आरसे वर होते. मी जी बोंब ठोकली ती तुम्हाला सास्तुरात ऐकू आली नसली तर नवल. सात-आठ गडी दोर घेऊन धावले. सृष्टीही आली, सलवार गुडघ्यापर्यंत ओली, दोराला हात लावून. गाडी बाहेर निघाल्यावर म्हणाली, "नाना, ह्ये तळं न्हाय. ह्ये पाणी दिवसातनं दोनदा घरी येतंय." लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आणि आता मुख्य गोष्ट. या गावाच्या विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. दारात समुद्र, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन सडा चढतात. आपल्याकडच्यासारख्याच, अगदी तशाच. बोअरची गाडी एक दिवसासाठी आली होती. सृष्टीनं आठवडाभर तारा ताणून, यंत्र लावून जागा धरली होती, किनाऱ्यापासून वर, एका उघड्या कातळावर, जिथं कुत्रंसुद्धा बसणार नाही. सरपंच अमरनाथ भला माणूस. पाहुणा पाणाड्या आहे म्हटल्यावर त्यांनी मी दाखवलेलीही एक जागा बोअरला घेतली, खाली फणसाच्या झाडाजवळ. दादा, पोरगी बोलत होती तेव्हा पांढऱ्या मिशांचे खलाशी टोप्या काढून ऐकत होते. काल गाडी चालली. दुपारी चारला पाणी लागलं, आणि गोड! आपल्या घराण्यानं समुद्राच्या नाकावर टिच्चून गोडं पाणी काढलं, दादा! प्रेमाबाईंनी पहिला तांब्या भरून सृष्टीच्या हातात दिला. तिनं तो प्यायला नाही, बाटलीत ओतला आणि माझ्याकडं दिला: "आबांना द्या." काल खारं पाणी निघालं ते फक्त माझ्या डोळ्यांतून. इतका अभिमान मला स्वतःचाही कधी वाटला नव्हता, आणि माझा स्वतःविषयीचा अंदाज तुम्हाला माहीत आहे.

आता थांबतो, मिस्त्री मोटारसायकलीचे आरसे बसवून घ्यायला बोलावतोय. वहिनींना नमस्कार, पोराबाळांना गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक (एक आज्ञा सोडून),
बलभीम

ता. क. : वर डोळ्यांबद्दल लिहिलं ते सगळं खरं नाही. फणसाजवळच्या माझ्या बोअरलाही पाणी लागलं होतं. ते मी चाखलं. गावानं त्यात मीठ पिकवायचं म्हटलं तरी चालेल. गोडं पाणी कातळावरचं, सृष्टीचं. सगळ्या गावासमोर तिनं माझ्या पाया पडून मगच चिखलाचे हात धुतले, म्हणून माझी अब्रू राहिली.

आणखी एक : आपल्या वरच्या रानात लिंबाखाली मी चुन्यानं फुली मारून आलो आहे आणि सोमवारी तुम्ही बोअरची गाडी सांगितली आहे. गाडी थांबवा. माझ्या फुलीवर बोअर मारू नका. (हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.) सृष्टीला दाखवल्याशिवाय त्या रानात सळईसुद्धा ठोकायची नाही.

शेवटचं : ती येईल का, असं तुमच्या मनात आलं असेल. मी विचारलं. म्हणाली, "आबा म्हनले तर आजच निघते." पण दादा, हाक मारून बोलवावं अशी घरची पोर म्हणून ती आता येणार नाही, पाणी दाखवायला येणार आहे. मला न्यायला गावोगावचे कर्ते पुरुष सुपारी घेऊन दारात येतात, निरोपावर मी कधी गेलो नाही. तिच्याही दारात तुम्हालाच यावं लागेल. तुमच्या मुक्कामाला खोली मी बघून ठेवली आहे, खिडकी समुद्राकडं आहे.