टॅप केल्यावर

प्रिय बाबा,

'प्रिय' मुद्दाम लिहिलंय. मावशी म्हणाली, एवढी तणतणतेयस तर नुसतं 'बाबा' लिही. पण मी चिडलेय म्हणून तू मला आवडेनासा झालास, असं कुणी समजायचं कारण नाही, तू तर मुळीच नाही. फोन करण्यात अर्थ नव्हता. फोनवर तू 'बरं बरं' म्हणतोस आणि फोन आईच्या हातात देतोस, मग ती बिचारी दोन्हीकडून बोलणी खाते. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. विजेच्या बिलाची रिकामी पाकिटंसुद्धा जपून ठेवणारा माणूस तू.

मी मावशीकडे मजेत आहे. तिच्या शिवणाच्या खोलीत गादी टाकलीय, सकाळी उठलं की तळपायाला टाचण्या टोचतात. ती उपदेश करत नाही, शर्टांना काजं करायला बसवते, आणि माझी काजं बघून कपाळाला हात लावते. संध्याकाळचा मुलांचा वर्ग मी घेतेच आहे, तू हॉलवर नसतोस त्या वेळात. आपण दोघं एकमेकांना चुकवून एकाच हॉलमध्ये ये-जा करतोय, ज्युदो शिकवतोय, आणि मॅट कशी पुसलीय त्यावरून मला कळतं तू येऊन गेलास ते. कोपरे तू कधी पुसतच नाहीस.

आता मुद्द्यावर येते. शनिवारी ज्युदो संघटनेची चौकशी समिती बसणार आहे. तू त्यांना सांगितलंयस की चष्म्याच्या दुकानातल्या त्या मुलीचं, आपल्या चष्मेवालीचं, कोपर सरावाच्या लढतीत निखळलं. तिने वेळेवर थोपटून 'सोडा' सांगितलं नाही, टॅप करायला उशीर केला आणि असे अपघात होतातच. बाबा, तिने उशीर केला नाही. मी मॅटच्या कडेला शिट्टी घेऊन उभी होते. तिने तुझ्या मांडीवर थोपटलं, मग मॅटवर थोपटलं, मग तोंडाने 'सर, सर' म्हणाली. मी शिट्टी फुंकली. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि मग आणखी जोर लावलास. आता आई म्हणते, त्याचं लक्ष नसेल गं. लक्ष होतं. आपली नजरानजर झाली होती, आणि हे तुला जितकं माहीत आहे तितकंच मलाही माहीत आहे.

संताप कशाचा येतो सांगू? हे सगळं मला तूच शिकवलंस, त्याचा. नवीन माणूस हॉलमध्ये आलं की पहिल्या दिवशी तू त्याला ना पाडायला शिकवायचास ना पडायला. आपला हात त्याच्या हातात द्यायचास, कोपराला पकड कशी घालायची ते दाखवायचास आणि म्हणायचास, हं, आता लाव जोर. मग त्याच्या गावाबद्दल नाहीतर बुटांबद्दल काहीतरी विचारत विचारत हळूच दोन बोटांनी टॅप करायचास. ज्याने तत्काळ सोडलं तो पुढे. ज्याच्या लक्षातच आलं नाही, त्याने सबंध तासभर तेच करायचं. तो उंच पोस्टमन तर आठवडाभर तिथेच अडकला होता. शेवटी वैतागून म्हणाला, सर, मी काय सोडायची फी भरलीय का? तू म्हणालास, अगदी बरोबर, सोडायचीच. पाडायला कुणीही शिकवेल. मी तेव्हा तुझ्या कमरेएवढी होते आणि खिडकीत बसून हे सगळं बघायचे. माझा बाप जगात भारी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग ती बसस्टॉपवरची भानगड झाली. दारू प्यायलेला एक जण फळवाल्या बाईच्या अंगावर धावून गेला आणि तू मध्ये पडलास. शहाण्या माणसाने पडायलाच हवं होतं. तू त्याला खाली घेतलंस, हात धरलास, पकड पक्की बसली. कळवळून त्याने तुझ्या पाठीवर दोनदा चापट मारली. त्याला बिचाऱ्याला टॅप म्हणजे काय ते कुठलं माहीत! पण तुझ्या हातांना माहीत होतं. ते आपोआप सुटले. तो उठला, बाकावरचं कुणाचं तरी हेल्मेट उचललं आणि तुझ्या कपाळावर हाणलं. भुवईवर टाके घालून घरी आलास तेव्हा तूच हसत हसत सगळं सांगितलंस, आणि आई एकाच वेळी हसत आणि रडत होती. पण पुढे समोरच्या जिमवाल्याने तुझं नाव 'सोडणारे सर' असं पाडलं, आणि ते तुला लागलं. तू कबूल करणार नाहीस. पण लागलं, चांगलं जिव्हारी लागलं.

त्यानंतर तू पहिल्या दिवसाचा तो धडा बंद केलास. दाराबाहेर ती मुठीचं चित्र असलेली भडक पाटी लावलीस आणि 'रस्त्यावरची लढाई' नावाची बॅच काढलीस. वर्गात एकच पालुपद सुरू झालं, बाहेर कोण सोडतं, बाहेर कोण थांबतं. म्हणून चष्मेवालीने त्या दिवशी साधा प्रश्न विचारला, की सर, पण टॅप केल्यावर सोडायचं ना? त्यात चेष्टा नव्हती रे. तिला खरंच गोंधळायला झालं होतं. तुला मात्र त्यात जिमवाला ऐकू आला. चल, दाखवतो, म्हणालास आणि दाखवलंस.

सराव आणि खरी मारामारी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं तू येताजाता ऐकवतोस. आहेच. पण तो फरक जोरात नाही, आणि रागातही नाही. सरावात मी लोकांवर मनापासून चिडलेय, त्यांनी मला आपटून काळंनिळं केलंय, तरी तो सरावच होता. खऱ्या मारामारीत समोरच्याचा हात ओढून घ्यावा लागतो. सरावात तो आपण होऊन आपल्या हातात देतो, भरवशावर. चष्मेवालीने तुला हात दिला होता. तिने टॅप केलं तिथे सराव संपला. मग पुढे जे केलंस ते काय होतं? लढाई म्हणायची सोय नाही, कारण लढायला समोर कुणीतरी लागतं आणि ती तर केव्हाच थांबली होती. त्याला मारणं म्हणतात, बाबा. सरळ शब्द आहे.

काल तिच्या दुकानात जाऊन आले. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवायचं तिचं काम. आता पेचकस धरला की हात थरथरतो, म्हणून मालकाने तिला काचा पुसायला बसवलंय. डॉक्टर म्हणतात बघू, म्हणजे त्यांनाही माहीत नाही. तिने मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? सर कसे आहेत? मला तिथल्या तिथे रडू आलं, आणि मग रडू आल्याचा राग आला. तू एकदाही तिच्याकडे फिरकला नाहीस. लाज वाटली मला, आणि तुझी लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ती कुठे ठेवायची तेही कळेना.

एक गोष्ट ऐकून घे, पटो न पटो. बसस्टॉपवर तुझं चुकलं, मान्य. तिथे सोडायला नको होतं, पोलीस येईपर्यंत धरून ठेवायला हवं होतं. पण ती चूक कुणाच्या हातून होते? ज्याने आयुष्यभर मॅटवर एकदाही कुणाला थांब म्हटल्यावर दुखवलं नाही, त्याच्याच. जिमवाल्याच्या हातून ती जन्मात व्हायची नाही. मला त्या टाक्यांचा अभिमान होता, शाळेत सगळ्यांना सांगत फिरले होते. तू त्याचीच शरम बाळगत बसलास आणि ती शेवटी एका गरीब पोरीच्या कोपरावर काढलीस. इतका मोठा माणूस आणि एका फालतू टोपणनावाला भ्यालास!

आता हे सगळं आज का लिहिलं, ते. सकाळी संघटनेच्या सचिवांचा फोन आला. तुझ्या बाजूने साक्ष द्यायला तू माझंच नाव दिलंयस म्हणे. आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, काय हे धाडस! मुलगी आहे, घरच्या माणसाची बाजू घेईल, असंच ना? मी येणार आहे, बाबा. नाव मागे घेतलंस तरी येणार आहे. तुझ्या समोर बसून, तुझ्याकडे बघून सांगणार आहे की तिने टॅप केलं, तू बघितलंस आणि सोडलं नाहीस. त्यांनी तुझी मान्यता काढली तर काढू देत, हॉल बंद झाला तर होऊ दे. आई म्हणते, बाप आहे तुझा. म्हणूनच तर आधी कळवतेय, दुसरं कुणी असतं तर थेट तिथेच ऐकवलं असतं. सचिव म्हणाले, आत आधी तुला बोलावणार, मग मला. तू खरं काय ते सांगून बाहेर आलास, तर मला आत जाऊन एवढंच म्हणायचं उरेल, की बाबा म्हणतात ते बरोबर आहे. लहानपणापासून हेच म्हणत आलेय, शनिवारीही हेच म्हणायची फार इच्छा आहे.

तुझीच, आणि तुझ्याच हाताखाली तयार झालेली,
भिंगरी