भिंतीबाहेरच्या चुली

प्रिय रोझाली मावशी,

काल नदीकाठी आमचं उत्खनन बघायला तू आलीस. बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या गोऱ्यांच्या जुन्या किल्ल्याबाहेर आपल्या क्री जमातीच्या बायकांच्या चुली सापडल्या होत्या. तू खड्ड्याशी वाकून आपल्या भाषेत मला हाक मारलीस.

"तुमच्या ओळखीच्या?" उत्खननाच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही हो, गावातली कुणी म्हातारी असेल."

तुला इंग्रजी कळतं, हे मला ठाऊक होतं. तू आपल्या भाषेतच म्हणालीस, "असू दे पोरी, काम कर," आणि उन्हातान्हात एकटी चालत परत गेलीस.

मी मात्र दिवसभर मेलेल्या पणज्यांच्या चुलींची राख जपून चाळत बसले.

आज तुझ्या दारापर्यंत आले, पण कडी वाजवायचं धाडस झालं नाही.

चारचौघांत तुला नाकारणारी,
डेल्फीन