सात रात्रींचा पर्यटक

मंगळवार, ३ जून. संध्याकाळ.
माझं आयुष्य आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बदललं. विमान येतंय असा भोंगा झाला होता, बंबवाले आमच्या तुवालूच्या एकुलत्या धावपट्टीवरून डुकरं हाकलत होते, आणि मेलाली कुंपणाशी येऊन स्वतःहून माझ्याशी बोलली. आजवर स्वतःहून ती फक्त 'सायकलचा पंप परत आण' एवढंच बोललेली आहे. म्हणाली, आत्या गेस्टहाऊस बंद करतेय. या महिन्यात निदान सहा रात्री खोली गेली तर ठीक, नाहीतर कुलूप, आणि माझी रवानगी ऑकलंडला भावाकडे. मग म्हणाली, तू पर्यटक मोजतोस ना रे? एखादा पाठव की.
माझ्यावर इतका विश्वास फिजीत, सुवाच्या कॉलेजात तीन सेमिस्टर मिळून कुणी टाकला नव्हता. (म्हणून तर कॉलेज सोडलं.) हे प्रेम नाही तर काय?
निश्चय: सहा नाही, साठ रात्री.

गुरुवार, ५ जून.
अठ्ठावीस प्रवासी उतरले. एकोणीस आमचेच, लग्नाला. पाच तज्ज्ञ, समुद्र किती चढला ते मोजायला. ते सरकारी हॉटेलात. तीन पाद्री. एक बाई आजी वारली म्हणून. पर्यटक शून्य.
जाणाऱ्यांचे फॉर्म भरून घेतले. 'देशात किती खर्च केलात?' यापुढे एका मामांनी लिहिलं: चर्चला बाराशे डॉलर, डुकरं चार. मी म्हटलं, हा पर्यटनावरचा खर्च नाही. ते म्हणाले, मग बाळा, डुकरं परत दे. आवाज चढला. माझा. तेफोतोसाहेब (माझे बॉस; ऑफिसात पंखा एक, तोंड त्यांच्याकडे) म्हणाले, पेनिटुसी, तुला मोजायला ठेवलंय, भांडायला नाही.
ताडकन राजीनामा द्यायचं ठरवून बाहेर पडलो आणि दार आपटलं. ते लागलं नाही, उलट उघडलं. खाऱ्या हवेनं लाकूड फुगलंय. पुन्हा आपटलं. पुन्हा उघडलं. साहेब आतून म्हणाले, आपटून नाही लागत ते.
मग परत जाऊन बसलो. उघड्या दारानं राजीनामा देण्यात मजा नाही.

सोमवार, ९ जून.
रविवार खर्चून अकरा पानी योजना लिहिली: 'तुवालू: तीस हजार पर्यटकांकडे'. साहेबांनी पहिलं पान वाचून विचारलं, विमानात सीटा बहात्तर, फेऱ्या आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला सव्वाअकरा हजार. बाकीचे पोहत येणार का? आणि सगळ्या सीटांवर तुझे पर्यटक, तर आपण कशात बसायचं?
संकुचित दृष्टी. म्हणून देश मागे.
योजना मेलालीला दिली. तिनं ती बराच वेळ हातात धरून ठेवली. (वारा घेत होती, पण हातात धरली.) पंपाबद्दल पुन्हा विचारलं.

शनिवार, १४ जून.
आला! नॉर्बर्ट. ऑस्ट्रियाचा. देश गोळा करतो. आमचा एकशे सत्त्याऐंशीवा. उद्देश: फिरायला. या रकान्यात इतके दिवस पेन टेकलंच नव्हतं, दोनदा गिरवलं. पुढच्या शनिवारच्या विमानानं जाणार. म्हणजे सात रात्री! राहायची सोय त्यानं मलाच विचारली.
सायकल हाणत मेलालीला सांगून आलो. हसली. दात दिसले. चादर बदलते म्हणाली.
मग नॉर्बर्टला तिकडे नेताना वाटेत आईनं पाहिलं. म्हणाली, विमानातून उतरलेल्या माणसाला हाताला धरून आणलंस आणि न जेवता पैसे भरून झोपायला पाठवतोस? मी गावात तोंड कुठं दाखवू? आजची रात्र आपल्याकडे.
ठीक. सातातून एक गेली, सहा उरल्या. हव्या तेवढ्याच. गणितात मी पहिल्यापासून पक्का. नापास झालो तो मास्तरांमुळे.

रविवार, १५ जून.
रविवारी सामान हलवायचं नाही, असं आई म्हणाली. पाच.
चर्चमध्ये नॉर्बर्टला पुढच्या रांगेत बसवलं. मेलालीनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. चादर घातलीय, तुझा माणूस कुठाय? मी म्हटलं, उद्या. तिचं बोट अजून जाणवतंय.
उपाय: शनिवारचं त्याचं परतीचं विमान चुकवायचं. मंगळवारच्या विमानापर्यंत तीन रात्री वाढतील.

मंगळवार, १७ जून.
त्याला माझा बिछाना दिलाय. मी धावपट्टीवर चटई टाकतो. (उकाड्यात अर्धं गाव तिथंच झोपतं.) बाबा त्याला मासे धरायला नेतात, काका माडी पाजतात. आईला तो 'आई' म्हणतो. आई मला 'तो दुसरा' म्हणाली.
निदान खर्च तरी करू दे म्हणून त्याला दुकानात नेलं. त्यानं बिस्किटं घेतली, पाकीट काढलं. दुकानदार म्हणाला, पेनिटुसीच्या घरचा ना? मग पैसे कसले! मी ओरडलो, घ्या हो पैसे! देशासाठी घ्या! दुकानदार दुखावला. बाबांपर्यंत गेलं. संध्याकाळी मी एक ट्यूना घेऊन त्याची माफी मागायला. मासा नॉर्बर्टनं धरलेला.

बुधवार, १८ जून.
आज सोक्षमोक्ष. नॉर्बर्टला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, गेस्टहाऊसवर जा, पैसे खर्च कर. त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, एकशे शहाऐंशी देशांत मला कुणी घरात घेतलं नव्हतं.
डोकं फिरलं. त्याची बॅग उचलली आणि धावत गेस्टहाऊस गाठलं. मेलाली दारात. म्हणाली, अरे, पर्यटकाशिवाय नुसतीच बॅग आणलीस? एवढ्यात आत्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता खोली उघडतील. आत्यांनी बॅग ओळखली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, तुझी आई माझ्याबरोबर चर्चमध्ये गाते. तिच्या पाहुण्याला मी भाडं लावून ठेवू? लाज विकून खाल्ली नाही अजून मी.
मी म्हटलं, पण मग गेस्टहाऊस बंद पडेल!
आत्या म्हणाल्या, पडेना का.
मेलाली चादर काढायला आत गेली.

शुक्रवार, २० जून.
नॉर्बर्टला निरोप. अख्खी वस्ती सभागृहात. नाच, नीरफणस, भाजलेलं डुक्कर. त्याला चटया सहा, शिंपल्यांच्या माळा अकरा. तो नाचला. वाईट नाचला, तरी सगळे खूश.
मेलालीही नाचली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, महिना संपायची वाट कशाला, आत्यानं उद्याचंच तिकीट काढलं.
मी उद्या बोलणार. सगळं. मनातलं भाषण तयार आहे, चार मुद्दे.

शनिवार, २१ जून. विमान गेल्यावर.
नॉर्बर्टचा फॉर्म. उद्देश: 'फिरायला' त्यानं स्वतः खोडून 'घरच्यांना भेटायला' लिहिलं. राहिलो: आईकडे. खर्च: शून्य. सामान जास्त झालं. आईनं त्यातल्या दोन चटया मेलालीच्या बॅगेत कोंबल्या.
मेलालीपुढे उभा राहिलो. चारही मुद्दे गेले. म्हटलं, मी पंप आणलाय.
ती हसली. म्हणाली, ठेव तुलाच, तिकडे सायकल नाही. मग म्हणाली, नाताळात येईन तेव्हा मलाही फॉर्म दे हं. उद्देश: घरच्यांना भेटायला. राहणार: आत्याकडे. खर्च: शून्य. आत्या काय माझ्याकडून भाडं घेणार आहे?
आणि गेली.
ऑफिसात साहेब जूनचा तक्ता बघत होते. म्हणाले, पर्यटक एक दिसतोय. त्याला नातेवाइकांत टाक. मी खोडलं, नातेवाइकांत टाकलं. पर्यटक शून्य. साहेब म्हणाले, पेनिटुसी, पंख्याचं तोंड तुझ्याकडे करू का?
नको म्हटलं. पंप काखेत घेतला, बाहेर आलो. दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं.
लागलं.