महादेवाचा घेर

॥ श्री अंबरेश्वर प्रसन्न ॥
उल्हासनगर कॅम्प ४
६ जानेवारी

ती. सौ. संजीवनीवहिनीस,
भारतीचा शि. सा. न. वि. वि.

कैलासच्या टेम्पोतून पाठवलेली पिशवी पोहोचली. दोन पायली तांदूळ, अर्धा किलो वाल, एकतीस आवळे (रोहिणीने मोजले) आणि दादाची चिठ्ठी. टेम्पोभाडं तीस रुपये, शिवाय कैलासने दोनदा चहा घेतला. रोहिणीची दहावी होईपर्यंत तुमचा-माझा मोबाईल कपाटात, हा नेम मीच घातला, तेव्हा पत्रं लिहून हात दुखला तरी तक्रार नाही.

तुमच्या लेकीला गणिताच्या चाचणीत वीसपैकी सात पडले. दोष तिच्याइतकाच माझा. शाळेसाठी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं आणि क्लास बंद करून मीच शिकवते म्हणाले ना! मॅट्रिकला मला भूमिती बरी यायची, पण त्रिकोणमिती बघितली की देवासमोर दोनदा दिवा लावते. आता मात्र घनफळ जमतंय. भाताची मूद म्हणजे अर्धगोल, तुपाचा डबा म्हणजे वृत्तचिती, आणि मोदकाला शंकू म्हणावं तर कळ्या आड येतात. घरात हे जेवताना मूद आधी मोडू का विचारतात.

दादाची चिठ्ठी वाचून मात्र पोर रडली. तिला दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. दादा लिहितो, सात मार्कांवर कसला डिप्लोमा. शिवरात्रीआधी आपलं गावचं महादेवाचं देऊळ रंगवायचंय, त्याला रंग किती लागेल ते तिने बसल्या जागी काढावं. बरोबर आलं तर डिप्लोमा, चुकलं तर बदलापूरला आर्ट्स.

आपलं देऊळ गोल, वर शंकूसारखा कळस, म्हणजे अगदी पुस्तकातलंच. सोबत चार मीटरची सुतळी आणि कोपऱ्याला कोपरा लावून दुमडलेला चौरस कागद पाठवते. भिंतीपासून सुतळीभर लांब उभ्या राहा. कागदाची खालची कड आडवी धरून तिरक्या घडीवरून बघा. कळसाचं टोक घडीच्या रेषेत येतं का ते कळवा. घेर आणि भिंतीची उंचीही हवी.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
भारती

---

जांभूळ
१० जानेवारी

सौ. भारतीवन्सं यांस,
संजीवनीचा स. न. वि. वि.

कागद डोळ्याला लावून उभी राहिले तर शेजारची गयाबाई विचारती झाली, वहिनी, चष्मा नाही परवडत का? तिला म्हटलं, लेकीचा डिप्लोमा बघतेय, सर बाजूला.

कळसाचं टोक बरोब्बर रेषेत आलं. माझे डोळे भुईपासून एक मीटर पंचेचाळीस. भिंत जितेश पेंटरने बांबूने मोजली, तीन मीटर. सुतळी आखूड, म्हणून घेर पावलांनी काढला. अनवाणी, टाचेला अंगठा लावून, तोंडाने नाव घेत. शंभर पावलं भरली, एक कमी नाही की जास्त नाही. माझा तळपाय पट्टीने बावीस सेंटिमीटर आहे. लग्नात तुम्ही माझे पाय मोठे म्हणाला होतात, ते आज कामाला आले.

जितेश नुसतं वर बघून बारा लिटर म्हणतोय. तुमचे दादा म्हणाले, थांब, माझ्या मुलीचा कागद येऊ दे. एक लिटरमध्ये दोन हात मारले तर पाच चौरस मीटर होतं, असं जितेशचं म्हणणं.

पोरीला रागावू नका. तुमची मर्जी असू द्या.
संजीवनी

---

कॅम्प ४
संक्रांत, १४ जानेवारी

ती. सौ. वहिनीस, सा. न.

तिळगूळ घ्या आणि गणितही घ्या. सगळं रोहिणीने केलं, मी फक्त शेजारी बसून वाल सोलले.

शंभर पावलं म्हणजे बावीस मीटर घेर, म्हणून त्रिज्या साडेतीन. कळसाच्या टोकाखालची जागा देवळाच्या मध्यावर, म्हणून सुतळीच्या चारात त्रिज्या मिळवायची. हे मी विसरले होते, तिने मला टोकलं! कागदाच्या घडीचा कोन पंचेचाळीस अंशांचा आणि टॅन पंचेचाळीस म्हणजे एक, तेव्हा जेवढं अंतर तेवढी उंची. त्यात तुमच्या डोळ्यांची उंची घातली. मग शंकूची तिरकस उंची पायथागोरसने काढली. भिंत सहासष्ट चौरस मीटर, कळस शहात्तर. एकूण एकशे बेचाळीस, म्हणजे रंग साडेअठ्ठावीस लिटर.

मी तीन वेळा पडताळलं. वरच्या मजल्यावरचा कमलेशभाईंचा मुलगा कॉलेजात आहे, त्यानेही एकदम परफेक्ट म्हटलं. दादाला सांगा, बेशक आणा.

जिव्हाळा आहे तसाच ठेवा.
भारती

---

जांभूळ
२१ जानेवारी

वन्सं,
नमस्कार. कसं लिहू कळत नाही.

जितेश नको नको म्हणत होता. तुमचे दादा देवस्थानच्या मंडळीत छाती काढून म्हणाले, अंदाज तुझा, हिशेब माझ्या लेकीचा. तीस लिटर केशरी रंग आणला. बारा लिटरही पुरे लागले नाहीत आणि देऊळ रंगून झालं. मिसळून घेतलेला रंग दुकानदार परत घेईना. अठरा लिटर ओसरीवर बसून आहे. आमचे खांब केशरी, बैलांची शिंगं केशरी, गयाबाईचं कोंबड्यांचं खुराडं केशरी. कोंबड्या दोन दिवस आत जाईनात.

गाव हसतंय. हे मात्र कुणाशी बोलत नाहीत. काल जेवताना एवढंच म्हणाले, की आर्ट्सचा फॉर्म कधी निघतो ते विचार. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. खाली मान घालून म्हणाले, म्हणून मी नुसता भात वाढला.

रोहिणीला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा. तुमच्याशिवाय तिला कुणाचा आधार?
संजीवनी

---

॥ श्री अंबरेश्वर प्रसन्न ॥
कॅम्प ४
२७ जानेवारी

ती. सौ. वहिनीस, सा. न.

रोहिणीला पत्र वाचून दाखवलं. रडली नाही, ते जास्त वाईट. कंपासपेटी मिटली आणि म्हणाली, आत्या, मला इतिहास आवडतो. खोटं बोलते, तिला सनावळ्या कधी आठवत नाहीत.

काल सोमवार. तिला घेऊन अंबरनाथला शिवमंदिराच्या दर्शनाला गेले. जवळच्या छोट्या महादेवाला प्रदक्षिणा घालत होते. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या गोमुखापाशी नेहमीसारखी थांबले, मागे फिरले, दारावरून पलीकडच्या बाजूने पुन्हा गोमुखापर्यंत गेले आणि परत दारात आले. दारात पाय टेकला आणि हातातली बेलाची पानं खाली पडली. वहिनी, तुम्ही घेर असाच मोजलात ना? गोमुख ओलांडायचं नाही, म्हणून दोन्ही अंगांनी जाऊन-येऊन? म्हणजे देवळाभोवती एकदा नाही, दोनदा चाललात! मी तुमच्या जागी असते तर मीही तसंच मोजलं असतं, आणि वर नमस्कार केला असता.

पोरीने तिथेच पायरीवर बसून, फुलवाल्याचा कागद मागून गणित पुन्हा मांडलं. पावलं पन्नास, घेर अकरा मीटर, त्रिज्या पावणेदोन. त्रिज्या कमी झाली तशी कळसाची उंचीही उतरली. भिंत तेहतीस, कळस पंचवीस, एकूण अठ्ठावन्न. रंग साडेअकरा लिटरहून थोडा जास्त. तुम्ही काय लिहिलंत? बाराही पुरे लागले नाहीत!

मलाही खडसावलं तिने. सात मीटर रुंद खोली गावच्या देवळात मावते का, हे आत्या तुला तरी सुचायला हवं होतं, म्हणाली. खरंच आहे. आकड्यांच्या नादात मी डोळे मिटून बसले.

पण दादा आमचं तोंडी ऐकणार नाही. त्याला म्हणावं, स्वतः दोर घे आणि घेर मोज. कागद सोबत आहे.

चुकीची वाटणी दोघींत करू, प्रेमाची करायला नको.
भारती

---

जांभूळ
३१ जानेवारी

चि. भारतीस,
बाळाजीचा आशीर्वाद.

पत्र मी लिहितोय, कारण तुझी वहिनी तीन दिवस हसतेय आणि मध्येच डोळे पुसतेय.

विहिरीचा दोर घेतला. गोमुखाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. दोराचं टोक गोमुखावरून पलीकडे टाकलं, ओलांडलं कुणीच नाही. अकरा मीटर आणि चार बोटं. चार बोटं दोर ढिला धरल्याची, असं ती म्हणते. दोर मी धरला होता.

संध्याकाळी देवस्थानच्या मंडळीसमोर रोहिणीचा फुलवाल्याकडचा कागद वाचला. त्याला अजून शेवंतीचा वास आहे. जितेश म्हणाला, मीही बाराच सांगितले होते. मी म्हटलं, तू वीस वर्षं शिडीवर चढून सांगितलेस, तिने देऊळ न बघता पायरीवर बसून सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही. जितेशने कागदाचा फोटो मागितला.

मी मंडळीत तिच्या नावाने मोठेपणा केला, आणि नंतर तिच्याच नावाने मान खाली घातली. दोन्ही वेळा तिला न विचारता. हे तिला माझ्याकडून सांग, मला समोर जमणार नाही.

डिप्लोमाला माझी हरकत नाही. नाही, असं नको, नीट लिहितो: तिने डिप्लोमा करावा अशी माझी इच्छा आहे.

आमच्या घरात असला फॉर्म कुणी भरलेला नाही. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून लागतो का, जातीचा तहसीलमधून लागतो का, आणि फोटो किती, हे रोहिणीला विचारून तिच्याच अक्षरात लिहून पाठव. परतीच्या टपालाने पाठव. ते मिळालं की दुसऱ्याच दिवशी मी तलाठ्याच्या दारात उभा राहणार आहे.

तुझा,
दादा